हिरामण कॉपी कशी करतो?

आई म्हणते, तेजलला नसत्या चौकशा फार. शेजारच्या घरात काय शिजतंय त्याचा वास हिला त्यांच्या आधी येतो. असेल बाई. पण मला सांगा, एखादा मुलगा वर्गात प्रश्न विचारला की ठोंब्यासारखा उभा राहतो आणि लेखी परीक्षेत विज्ञानाला पहिला येतो, तर तो कॉपी करतो कशी, हे जाणून घ्यावंसं कोणाला वाटणार नाही? मला तर दोन दिवस डबा गोड लागेना.

मुलगा म्हणजे हिरामण. घोटीच्या पुढच्या एका खेड्यातला. तिथली शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीला नाशकात आत्याकडे राहायला आला, तोही गणपती उरकल्यावर. अंगाने बारका, म्हणून वर्गाच्या मॅडमनी त्याला पहिल्या बाकावर बंटीशेजारी बसवला. आता आम्ही सगळे नववी क मध्ये आहोत, आणि तो अजून तिथेच बसतो. कमी बोलतो. बोलला तर खालच्या आवाजात, आणि 'नाय' म्हणतो.

मी, बुद्धभूषण आणि बंटी मिळून एक मालिका करतो, तिचं नाव 'नमुना नववी क'. मॉक्युमेंटरी. म्हणजे खोटी डॉक्युमेंटरी. विषय एकदम फालतू घ्यायचा, पण चेहरे असे गंभीर ठेवायचे, जसं काही देशातले वाघ संपत चाललेत. पहिला भाग आमच्या वर्गातल्या पंख्यावर होता. तो जोरात लावला की मागच्यांना वारा लागतो आणि पुढच्यांच्या डोळ्यात खडूची भुकटी जाते. त्यात बंटीने 'पंखापीडित' म्हणून रडत मुलाखत दिली होती. दुसरा भाग, डस्टर झटकायला गेलेला मुलगा अर्धा तास कुठे असतो, यावर. मुलाखतीसाठी खिडकीपाशी स्टूल, मागे महाराष्ट्राचा नकाशा, आणि बोलणाऱ्याने मध्येच थांबून गपकन कॅमेऱ्याकडे बघायचं. एवढंच. लोक हसतात. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही, आणि म्हणूनच मला ते करायला आवडतं. मुख्याध्यापक सरांनी शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्ग वापरायची परवानगी दिलीये, स्नेहसंमेलनात दाखवायचं या बोलीवर. फोन बुद्धभूषणचा, डोकं माझं आणि तोंड बंटीचं.

आता आमच्या वर्गातलं एक गुपित सांगते. आठवीपासून उज्ज्वला मॅडम आमच्या वर्गशिक्षिका आहेत, विज्ञान शिकवतात. त्यांनी प्रश्न विचारला की वर्गातल्या सगळ्यांनी हात वर करायचा. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मॅडम उजव्यातल्या एकाला उठवतात. तपासणीला साहेब आले की त्यांना काय दिसतं? सगळा वर्ग हात वर करून बसलाय. साहेब खूश, मुख्याध्यापक खूश. ऐनवेळी गोंधळ नको म्हणून मॅडमनी ही सवय बारा महिने चालू ठेवलीये. आठवीच्या पहिल्या दिवशी दार लावून एकदा सांगितलं, परत कधी त्याचा उच्चार नाही. आणि खरं सांगू का, आम्हालाही ते बरंच होतं. मी डावा हात वर करून निवांत बसते. भीती नाही, लाज नाही, मॅडमचं लक्षसुद्धा नाही.

हिरामणची मात्र वेगळीच तऱ्हा होती. तो अधूनमधून उजवा हात करायचा, मॅडम त्याला उठवायच्या आणि हा खाली मान घालून उभा. एक अक्षर नाही. "मग हात कशाला केलास?" असं मॅडम विचारायच्या. त्यावरही गप्प. दर वेळी हेच. मॅडमना वाटायचं हा मुद्दाम चेष्टा करतो. आम्हालाही तसंच वाटायचं.

आणि सहामाहीत हा विज्ञानात वर्गात पहिला!

बुधवारी मॅडम त्याचा पेपर हातात धरून उभ्या राहिल्या. "तोंडी तुला एक उत्तर येत नाही. आणि लेखीत पहिला? कोणाचं पाहून लिहिलंस?"

हिरामणचे कान लाल झाले. "कोणाचं नाय."

शेजारी बंटी बसलेला. बंटी नापास झाला होता. मी मनात म्हटलं, मॅडम, बंटीच्या आडातच नाही तर याच्या पोहऱ्यात कुठून येणार? पण हे मोठ्याने बोलायची माझी छाती झाली नाही.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासमोर बसून पुन्हा पेपर दे."

"नाय देणार. एकदा दिलाय मी."

बास. मॅडमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोरी केली नसेल तर पेपर द्यायला हा घाबरतो कशाला, असं त्या म्हणाल्या आणि हिरामणच्या वडलांना शनिवारी शाळेत बोलावणं धाडलं. मधल्या सुट्टीत हिरामण बंटीला म्हणाला, "बाबा येतील न् दाखला काढून नेतील. नेऊ दे. चोर म्हणवून घेत मी इथं नाय राहणार." दाखला काढला की संपलंच. त्याच्या गावात हायस्कूल नाही, आणि शाळेच्या वेळेला घोटीची एसटी नाही.

मला त्याचा कळवळा आला होता वगैरे मी म्हणणार नाही. मला माहिती हवी होती. चिठ्ठी? मोज्यात? पट्टीवर पेन्सिलने? बंटी म्हणाला, तो पेपरात मान वर करत नाही. मग करतो कशी? शनिवारी गेला तर मला आयुष्यभर कळणार नव्हतं. म्हणून मी त्याला मालिकेत घेतलं. पुढचा भाग आमच्या हातांवरच करायचा ठरला होता, त्यात 'गुरुजी' हवा होता. मी म्हटलं, "हिरामण, तू हो गुरुजी." मला वाटलं, नाही म्हणेल. तो म्हणाला, "होतो. तसंही दोनच दिवस हायेत."

गुरुवारी शाळा सुटल्यावर आधी त्याची मुलाखत घेतली. त्याला स्टुलावर बसवलं, मागे नकाशा. बुद्धभूषणने कंपासपेटीला टेकवून फोन लावला.

"सर," मी एकदम गंभीर आवाजात विचारलं, "कॉपी या क्षेत्राकडे आपण कसे वळलात?"

हिरामणने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "मी कॉपी करत नाय."

तो तसाच बघत राहिला. आमच्या मालिकेत लोक असंच बघतात, पण हे बघून कोणाला हसू येईना. बंटीने उगाच नाक ओढलं.

"कट," बुद्धभूषण हळूच म्हणाला.

मला कसंतरीच झालं आणि कसंतरी झालं की मी चिडते. "चला चला, दुसरा सीन. वेळ जातोय!" मी ओरडले. सीन सोपा होता. गुरुजींनी प्रश्न विचारायचा, थांबलेल्या आठदहा जणांनी हात वर करायचे, त्यात बंटी आणि हर्षाली यांचे डावे, बाकीच्यांचे उजवे. गुरुजींनी उजव्यातल्या एकाला उठवायचं, त्याने फाडफाड उत्तर द्यायचं आणि डावा हात वर करून बसलेल्या बंटीने कॅमेऱ्याकडे बघून सुटलो बुवा असा चेहरा करायचा. पुढे त्याची मुलाखत, 'डाव्या हाताने मला काय दिलं'. हिरामणला मी एवढंच सांगितलं, "मॅडम करतात तसं कर." आणखी काय सांगायचं? रोज तर बघतो.

त्याने बुद्धभूषणचा चष्मा घातला आणि फळ्यापुढे उभा राहिला. हात पाठीमागे, पोट पुढे. काय सांगू, माणूसच बदलला! "मुलांनो," तो म्हणाला, "बर्फ पाण्यावर का तरंगतो? हात वर!"

सगळे हात वर गेले. हिरामण वर्गाकडे बघतच राहिला. जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "बंटी, तू सांग."

बंटी गांगरला. "मी?"

"हात केलास ना? सांग."

"कट! अरे, त्याला नाही विचारायचं. परत."

परत प्रश्न, परत हात. हिरामणने हर्षालीला उठवलं. तिचा डावा हात वर होता. ती फस्सकन हसली. परत. आता पुन्हा बंटी. तिकडे शिपाईमामा किल्ल्या वाजवायला लागले, वर्ग बंद करायचा होता, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे बैला! डाव्यांना कशाला उठवतोस? ज्यांना येतं त्यांना उठव ना!"

"ज्यांना येतं त्यांनाच उठवतोय की," हिरामण म्हणाला.

"कोणाला येतं?"

"डावा हात केलाय त्यांना."

बुद्धभूषणने फोन बंद केला नव्हता, ते बरं झालं.

"डावा म्हणजे येत नाही," मी म्हणाले.

"नाय. डावा म्हंजे येतं. उजवा म्हंजे नाय येत." त्याने चष्मा काढला. "आमच्या गावच्या शाळेत असंच होतं, तपासणीसाठी. इथं आलो न् पहिल्याच दिवशी सगळ्यांचे हात वर पाहिले. म्हटलं चला, काहीतरी ओळखीचं निघालं."

"आणि सव्वा वर्षात तुला दिसलं नाही, मॅडम कोणाला उठवतात ते?"

"मला काय दिसणार? मी पहिल्या बाकावर. मागं कोण कुठला हात करतं ते मी आज पहिल्यांदा बघतोय." मग तो बंटीकडे वळला. "मला एकट्या ह्याचा हात दिसायचा. कायम डावा. मला वाटायचं ह्याला सगळं येतं."

"मला?" बंटी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी तसं वाटलं होतं.

"हा. म्हणून तू नापास झालास तेव्हा मी म्हटलं, म्याडमनी तुझ्यावर पण डूख धरलाय."

कोणीतरी हसायला लागलं, आणि मीही हसणार होते, पण तेवढ्यात माझ्या डोक्यात बाकीचं जुळलं. म्हणजे त्याला उत्तर येत असायचं तेव्हा तो डावा हात करायचा, आणि मॅडम त्याच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. आणि येत नसायचं तेव्हा उजवा करायचा, तेव्हा नेमक्या त्यालाच उठवायच्या. सव्वा वर्ष! कॉपीबिपी काही नव्हतीच. मी उगाच साप म्हणून भुई धोपटत होते.

हिरामणच्याही ते लक्षात आलं असणार. तो फळ्याखालच्या प्लॅटफॉर्मच्या कडेला बसला. "आमचे गुर्जी उजव्या हातवाल्यांना सगळ्यांसमोर कधी उठवायचे नाय," तो म्हणाला. "नंतर जवळ बोलवून समजून सांगायचे. इथं म्याडम सगळ्यांसमोर उभं करायच्या. मला वाटायचं, माझी लाज काढायला त्यांना आवडतं."

राग कोणाचा करायचा तेच कळेना, आणि राग करायला कोणी नसलं की मला फार जड जातं.

शुक्रवारी पहिल्या तासाआधी मी फोन घेऊन मॅडमना गाठलं आणि सगळा सीन दाखवला. मला वाटलं, त्या बघतील आणि कपाळाला हात लावतील. मॅडमनी शेवटपर्यंत पाहिलं, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "छान जमवलंय."

"जमवलंय काय मॅडम, खरं आहे!"

"पंख्याच्या भागात बंटी रडत होता, तेही खरंच वाटत होतं. तेजल, तुम्ही खोटंच तर काढता. आणि मित्राला वाचवायला एवढं करणं तुम्हाला अवघड आहे का?"

खरं वाटावं म्हणून आम्ही दोन महिने मान मोडून मेहनत घेतली होती, आणि आता खरं घडलं तर ते आमच्या मेहनतीसारखंच दिसत होतं. "मॅडम, आईशप्पथ," मी म्हणाले.

"उद्या हा फोन घेऊन स्टाफरूममध्ये ये," मॅडम म्हणाल्या. "अभ्यास सोडून इथे काय चालतं ते त्याच्या वडलांनाही बघू दे."

मी वर्गात जाऊन दप्तर आपटलं. बुद्धभूषण म्हणाला, आता काही होत नाही. हिरामणने तर ऐकूनच घेतलं नाही. त्याने बंटीला त्याचं भूगोलाचं पुस्तक परत दिलं.

शनिवारी हिरामणचे वडील वेळेच्या आधीच आले. नाव पुंजाराम, घोटीच्या भातगिरणीत कामाला. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. खुर्ची दिली तरी बसेनात. हिरामण भिंतीला टेकून उभा, पायाशी कपड्यांची पिशवी. आत्याने भरून दिली होती. ती पिशवी पाहून मला रडू यायला लागलं, म्हणून मी फोनकडे बघत राहिले.

"म्याडम," पुंजारामकाका म्हणाले, "पोरानं चोरी केली असंल तर मी आत्ताच्या आत्ता दाखला नेतो. चोरी करून पहिला आलेला मला नको."

"तो पुन्हा पेपर द्यायला तयार नाही," मॅडम म्हणाल्या. "वर आता मुलं मिळून हे असले व्हिडिओ करतायत, त्याचं खरं ठरवायला. दाखव गं."

मी फोन त्यांच्यासमोर धरला. काकांनी तो माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. हिरामणला चष्म्यात पाहून त्यांच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. 'बर्फ पाण्यावर का तरंगतो? हात वर!' हात वर गेले. 'बंटी, तू सांग.' बंटी गांगरला.

काकांनी जिभेने च्यक् केलं. "काय पोरगं हाय! येत नाय तर डावा हात कशाला केला यानं?"

मॅडम खुर्चीतून पुढे सरकल्या.

"काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"नाय, हा गुबगुबीत पोरगा. डावा हात वर करून बसलाय, अन् विचारलं तर तोंड बंद. मास्तर फसला ना बिचारा." मग सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून काका ओशाळले. "तुमच्याकडं नाय का तसं? सायेब आलं की सगळ्यांनी हात करायचा. येतं त्याचा डावा, नाय येत त्याचा उजवा."

"डावा का?" मी विचारलं. काय करू, राहवलंच नाही.

"अगं, ज्याला येतं तो पाटीवर लिहीत असतो ना? उजव्या हातात पेन्सिल. मोकळा कोणता राह्यला? माझ्या टायमाला गुर्जी दुसरे होते, याच्या टायमाला दुसरे. पण हात तोच."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी जोरजोरात मान हलवली, की नाही, यांना आम्ही काही पढवलेलं नाही. पण त्यांना ते कळलं होतं. मग त्या हिरामणकडे वळल्या.

"मी तुला उठवायचे तेव्हा दर वेळी तुला येत नसायचं?"

"हा."

"आणि येत असायचं तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही बघायच्याच नाय माझ्याकडं." त्याने डावा हात ताणून दाखवला. "मी लय वर करायचो हात. पार उठून. तरी नाय बघायच्या."

उज्ज्वला मॅडम उठल्या. स्टाफरूममध्ये इतर सर आणि मॅडम वह्या तपासत होते, त्यांचे पेन थांबले. त्या सगळ्यांसमोर मॅडम म्हणाल्या, "पुंजारामभाऊ, तुमच्या मुलाने चोरी केलेली नाही. चूक माझी झाली. सव्वा वर्ष झालं."

काकांना कुठे बघावं कळेना. "असू द्या म्याडम, असू द्या," ते म्हणाले आणि हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "मग दाखला?"

"ते त्याला विचारा. त्याला इथे राहायचं का, ते मी कसं सांगू?"

सगळे हिरामणकडे बघायला लागले. माझ्या मनात आलं, बोल रे बाबा, हो म्हण, एकदाचं हो म्हण. पण या वेळी मी तोंड मिटून ठेवलं. हिरामणने बाहीला डोळे पुसले.

"म्याडम, आता येत नसंल तेव्हा कुठला हात करू?"

"कोणताही कर," मॅडम म्हणाल्या. "मी तुझ्या बाकापाशी येते."

हिरामणने खालची पिशवी उचलली आणि वडलांच्या हातातलं हेल्मेट नीट सरळ करून दिलं.

"बाबा, तुम्ही निघा," तो म्हणाला. "गिरणी सुरू झाली असंल."